पीथमपूर–न्हावा शेवा गाडीवर आठ तासांची ड्युटी बसवायची कशी?

लोहामंडीवाला (इंदूर)

नमस्कार मंडळी. १२ गाड्या, सगळ्या नॅशनल परमिटच्या. १४ ड्रायव्हर, ४ क्लीनर, ऑफिसात मुनीम धरून ३ माणसं. मुख्य काम इंदूरजवळच्या पीथमपूरहून नवी मुंबईच्या न्हावा शेवा बंदरापर्यंत, एका बाजूला सुमारे ६०० किलोमीटर. परतीला मिळेल ते भाडं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हापासून माल देणारी कंपनी मागे लागली आहे. दर ड्रायव्हरची रोजची ड्युटी, मधली विश्रांती आणि दोन ड्युट्यांमधलं अंतर लिहून बिलासोबत जोडा, नाहीतर गाडी गेटावर लावू नका, असं पत्र आलंय. इकडे कोणी आठ तास सांगतो, कोणी दहा, कोणी बारा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अकराचा आकडा फिरतोय. नक्की कुठला धरायचा?

दुसरं, लोडिंगच्या रांगेत गाडी सहा-सहा तास उभी असते. ती ड्युटीत मोजायची का? मोजली तर ड्रायव्हर मानपूरला पोचायच्या आत आठ तास संपतात. तिसरं, आमच्याकडे पगार थोडा आणि फेऱ्यावर भत्ता जास्त, मग ओव्हरटाइम कशावर काढायचा? आणि गाडी रात्री उभी ठेवली तर ई-वे बिल (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) संपायची भीती आहेच. जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

पलासिया_लेबर

चारही आकडे खरे आहेत, फक्त चार वेगळ्या गोष्टींचे आहेत.

आठ हा कामाच्या तासांचा आकडा. मोटर परिवहन कामगार कायदा, १९६१ मध्ये दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास होते. त्याची जागा घेणाऱ्या नव्या संहितेतही (कामगारांची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांची) दिवसाचे ८ तास कायम आहेत. दहा हा त्याच जुन्या कायद्यातला अपवाद. लांब पल्ल्याच्या ज्या मार्गांची अधिसूचना निघाली असेल तिथे, अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन, दिवसाला जास्तीत जास्त १० आणि आठवड्याला ५४. मंजुरीचा कागद हातात नसेल तर दहा विसरा. बारा म्हणजे स्प्रेड-ओव्हर, ड्युटी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत मधली विश्रांती धरून घड्याळाचा एकूण पसारा. बारा तास गाडी चालवायची मुभा असा त्याचा अर्थ बरेच जण काढतात, तो चूक. अकराचा आकडा अमेरिकेचा आहे. तिथे सलग १० तास सुट्टीनंतर १४ तासांच्या आत ११ तास गाडी चालवता येते. आपला त्याच्याशी संबंध नाही.

आणखी दोन आकडे लक्षात ठेवा. सलग ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती. आणि एक ड्युटी संपून दुसरी सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. नव्या संहितेने विश्रांती आणि स्प्रेड-ओव्हरचे आकडे स्वतः छापलेले नाहीत, ते सरकारच्या अधिसूचनेवर सोडलेत, आणि तुमच्या धंद्यासाठी ते सरकार म्हणजे राज्य. म्हणून वेळापत्रक १९६१ च्या आकड्यांवर बांधा. मोटर वाहन कायद्याचं कलम ९१ आजही त्याच कायद्याकडे बोट दाखवतं. मूळ कायदा रद्द होऊन नवा आला की असा उल्लेख नव्या तरतुदीचा मानतात, त्यामुळे "कायदाच गेला, आता तासांचं बंधन नाही" हा युक्तिवाद टिकत नाही.

कंपनी आत्ताच का जागी झाली तेही सांगतो. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रायव्हरांच्या तासांची अंमलबजावणी कशी करायची यावर केंद्राला राज्यांसोबत बैठका घ्यायला सांगितलं, आणि नोव्हेंबरात संहिता लागू झाली. संहितेखाली सर्वसाधारण उल्लंघनाचा दंड २ लाखांपासून ३ लाखांपर्यंत आहे. मोठ्या कंपन्यांचे सेफ्टीवाले हे वाचतात, आपण वाचत नाही.

साप्ताहिक सुट्टी: सहा दिवस काम, एक दिवस सुट्टी. सेवा खोळंबू नये म्हणून सुट्टीच्या दिवशी बोलावता येतं, पण सलग १० दिवसांपेक्षा जास्त नाही. ओव्हरटाइमला दुप्पट दर, आणि त्याला ड्रायव्हरची संमती लागते. सगळ्यांना नेमणूकपत्र द्या, क्लीनरलाही.

पीथमपूर_डिस्पॅच

रांगेचं मी सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

कायद्यातले कामाचे तास म्हणजे नुसतं स्टिअरिंग नव्हे. गाडी चालू असण्याचा वेळ, शिवाय उपकामं. लोडिंग-अनलोडिंग, ताबा घेणं-देणं, रजिस्टरवर सही, हिशेब, दुरुस्ती-देखभाल हे सगळं उपकामात येतं. टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा १५ मिनिटांपेक्षा कमी वेळही कामात धरतात. आता रांगेचा विचार करा. दर वीस मिनिटांनी गाडी एक जागा पुढे घ्यायची असेल तर ड्रायव्हर मोकळा नाही, ते काम आहे, मोजा. पण गेटावर टोकन घेतलं, चावी यार्डवाल्याकडे दिली, "चार वाजेपर्यंत बोलावणार नाही" असं लिहून मिळालं, आणि आडवं व्हायला जागा आहे, तर तेवढा वेळ मोकळा.

म्हणून सरळ उपाय असा की, लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला रांगेत घालूच नका. पीथमपूर यार्डात दोन लोकल ड्रायव्हर ठेवा. ते दिवसा रिकामी गाडी आत नेतील, भरून, वजनकाटा करून, ताडपत्री बांधून संध्याकाळी यार्डात लावतील. लाइनचा ड्रायव्हर पहाटे ताजातवाना येऊन भरलेल्या गाडीवर बसेल. १२ गाड्यांना दोन लोकल माणसं पुरतात.

बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) या चार वेळा लिहायची सवय लावा: गाडी रिपोर्ट झाली, आत गेली, भरून झाली, गेट-आउट. चारही ठिकाणी गेटाचा शिक्का किंवा गार्डची सही. यातली पहिली वेळ सगळेच विसरतात, आणि हॉल्टिंग (गाडी अडकवून ठेवल्याचे पैसे) तिच्यावरच ठरतं. गार्ड "आत गेली" हीच वेळ रिपोर्टिंग म्हणून टाकतो, म्हणजे बाहेर उभे राहिलेले पाच तास कागदावर राहतच नाहीत. बाहेर पोचल्या पोचल्या गेटाचा बोर्ड आणि नंबर प्लेट एका चौकटीत येईल असा फोटो काढून ऑफिसला पाठवा. कंपनीला ड्युटीची नोंद हवी आहे ना? मग तिच्या गेटवरचा वेळही त्याच नोंदीत दिसू दे. हॉल्टिंगची बोलणी करायला याहून चांगला कागद मिळणार नाही.

नोंदवही साधी ठेवा. दिवसाला एक पान, चार खुणा: चा म्हणजे चालवणं, उ म्हणजे उपकाम, ह म्हणजे हजर, मो म्हणजे मोकळा. एक नमुना देतो:

६:०० पीथमपूर यार्ड, उ (हवा, हातोडी, दोर) / ६:३० चा / १०:३० सेंधवा, मो / ११:०० चा / १४:०० धुळे, उ (पार्किंग, वही) / १४:१५ ड्युटी बंद. काम ७ तास ४५ मिनिटं, पसारा ८ तास १५ मिनिटं.

सुरुवातीचं आणि शेवटचं किलोमीटर रीडिंग लिहायचं. खाली ड्रायव्हरची सही. वही त्याच्याकडेच राहू दे. नाहीतर महिनाअखेरीला मुनीम एका बैठकीत सगळी पानं भरतो, आणि मग सगळ्या ओळी एका हाताच्या, एका शाईच्या निघतात. तपासणारा पान उलटताच ओळखतो.

एबी_रोड

वरचा नमुना पहिल्या दिवसाचा आहे, पुढचं पूर्ण करतो. भरलेल्या गाडीला सगळं धरून ताशी ३५ किलोमीटर सरासरी धरा. ८० ला स्पीड गव्हर्नर बांधलेला असला तरी घाट, टोल आणि गावं यात सरासरी त्याच्या निम्म्यावर येते. कागदावर ५० धरून आखलेलं वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात बाद होतं.

पहिली ड्युटी पीथमपूर ते धुळे, सुमारे २४० किलोमीटर. मानपूर, गणपती घाट, खलघाट, जुलवानिया, सेंधवा. अर्धा तास सेंधव्यालाच घ्या, कारण पाच तासांची मर्यादा तिथे पाळली जाते आणि पुढे बिजासन घाट आहे. मध्य प्रदेशच्या बाजूची परिवहन चौकी १ जुलै २०२४ पासून बंद आहे, त्यामुळे पूर्वी तिथे धरायचो तो वेळ आता धरू नका. मग शिरपूर, धुळे.

दुसरी ड्युटी धुळे ते घोटी, साधारण १९० ते २००. पहाटे पाचला गाडी तपासायची, सव्वापाचला निघायचं. मालेगाव, चांदवडचा राहुड घाट, पिंपळगाव बसवंतला अर्धा तास, नाशिक पार करून घोटी. सकाळी साडेअकराच्या आसपास बंद.

तिसरी घोटी ते न्हावा शेवा, सुमारे १५०. अंतर कमी आहे, पण त्यात कसारा घाट, भिवंडी आणि पोर्टाचं गेट. ठाणे-भिवंडी पट्ट्यात अवजड वाहनांच्या वेळा बदलत असतात, आदल्या संध्याकाळी तपासा. फॉर्म १३ (कंटेनर पोर्टात आत न्यायचा कागद) हातात आल्याशिवाय घोटी सोडू नका. तो नसताना पुढे गेलेली गाडी पोर्टाजवळच्या पार्किंगमध्ये अडकते आणि आठ तास तिथेच जळतात.

नियमाने पाहिलं तर धुळ्याहून पहिल्याच रात्री सव्वाअकराला निघता येईल, ९ तास पूर्ण होतात. पण मग ड्रायव्हरची पहाटेची वेळ नेमकी राहुड घाटात पडते. कायदा नाही म्हणत नाही म्हणून करायचं, असं नाही.

घाट ड्युटीच्या शेवटच्या तासात येऊ देऊ नका, हा या आखणीतला माझा मुख्य मुद्दा. थकलेला पाय ब्रेकवर जास्त विसावतो. उतारावर ब्रेक दाबून धरला की लायनर तापतात, तापले की पकड जाते. ज्या गिअरने चढता त्याच्या आसपासच्या गिअरने उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) लावायचा, पायाचा सर्व्हिस ब्रेक थोडा दाबून सोडून द्यायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा ड्रायव्हर आठव्या तासात ते हमखास करतो. गणपती घाटाचा नवा रस्ता झाला म्हणून हे बदलत नाही.

लोहामंडीवाला (इंदूर)

कामाची माहिती, आभार. पण तीन शंका आल्या.

एक: जाताना तीन ड्युट्या, येताना तीन, वर लोडिंग-अनलोडिंग. आज गाडी महिन्याला पाच फेरे काढते, ते बसणार का? दोन: जीपीएसचा रिपोर्ट काढला तर धुळ्याला उभ्या गाडीचं इग्निशन रात्री नऊ तास चालू दिसतं. कंपनी विचारते, ही विश्रांती कसली? तीन: दोन ड्रायव्हर बसवले, एक चालवेल, एक मागे झोपेल, तर सगळंच सुटत नाही का?

एबी_रोड

फेऱ्यांचं गणित मांडून बघा. येण्या-जाण्याच्या सहा ड्युट्या, दोन्ही टोकांच्या लोडिंग-अनलोडिंगच्या दोन धरा, म्हणजे फेऱ्याला आठ ड्युट्या. एक माणूस महिन्याला २६ ड्युट्या देतो. १४ × २६ = ३६४, भागिले ८, म्हणजे साडेपंचेचाळीस फेरे. तुम्हाला १२ × ५ = ६० हवेत. ६० × ८ = ४८०, भागिले २६, म्हणजे साडेअठरा माणसं. दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा, तिची भर घातली की २० ड्रायव्हर. आज १४ आहेत. आजवर जे पाच फेरे निघत होते त्यातले वरचे ड्रायव्हरच्या झोपेतून निघत होते, हे भाड्याच्या बोलणीत कंपनीसमोर मांडता येतं. तासांचं पत्र त्यांचंच आहे.

गाडी थांबवायची नसेल तर रिले. इंदूरचा ड्रायव्हर गाडी धुळ्यापर्यंत आणेल, तिथे दुसरा बसेल, आणि इंदूरचा दुसऱ्या दिवशी परतीची गाडी घेऊन घरी. माणूस एक रात्र बाहेर, एक रात्र घरी, म्हणून नवी माणसंही या लाइनीला टिकतात. धुळ्याला खोली घ्यावी लागेल, पंखा, पाणी, संडास-बाथरूमसकट. जुन्या कायद्यातही रात्री मुक्काम करावा लागतो तिथे विश्रांतीची खोली देणं मालकावरच होतं. बदलीच्या वेळी टायर, स्टेपनी, जॅक, डिझेलचा काटा आणि सील नंबर दोघांनी मिळून बघायचा, दोघांची सही. नाहीतर सील तुटल्याचं खापर कोणावर, हा वाद महिनाभर चालतो.

पीथमपूर_डिस्पॅच

इग्निशनचा घोळ एसी केबिनमुळे वाढलाय. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या एन-२ आणि एन-३ वर्गातल्या (साडेतीन टनांच्या वरच्या) ट्रकांना एसी केबिन सक्तीची आहे. उन्हाळ्यात ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून एसीत झोपतो आणि रिपोर्ट त्याला रात्रभर ड्युटीवर दाखवतो. जीपीएसवाल्याला सांगून "ड्रायव्हिंग"ची व्याख्या बदलून घ्या. इग्निशनवर नको, वेग ताशी ५ किलोमीटरच्या वर आणि अंतर वाढतंय यावर घ्या. इग्निशन चालू पण गाडी उभी, याचा वेगळा रकाना. तो रकाना डिझेलच्या हिशेबालाही लागतो, उभं इंजिन तासाला दोन-अडीच लिटरच्या आसपास पिऊन टाकतं. आणि सायलेन्सरच्या जोडावर काजळी दिसत असेल तर त्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपायचंच नाही. तो धूर केबिनमध्ये आला तर वास येईलच असं नाही.

ट्रॅकरचं घड्याळही एकदा तपासा. काही रिपोर्ट साडेपाच तास मागच्या वेळेने येतात, आपली वेळ सेट केलेली नसते. मग वही सकाळी सहा म्हणते आणि जीपीएस मध्यरात्री साडेबारा.

पलासिया_लेबर

दोन ड्रायव्हरांबद्दल. नॅशनल परमिटला दोन ड्रायव्हरांची सक्ती होती, ती २०१८ मध्ये काढली. स्वखुशीने बसवायला हरकत नाही. पण चालत्या गाडीत मागे आडवा पडलेला माणूस मोकळा नसतो. त्याला उतरता येत नाही, स्वतःच्या मर्जीने वेळ घालवता येत नाही. तो वेळ ९ तासांच्या विश्रांतीत धरू नका. युरोपच्या नियमातही चालत्या गाडीतली झोप रोजच्या विश्रांतीत मोजत नाहीत. दोन ड्रायव्हरांचा फायदा तेवढाच की पाच तास झाले की हात बदलतो. गाडी उभी राहून दोघांना ९ तास मिळालेच पाहिजेत.

कोणी तरी सुचवणारच म्हणून आधीच लिहितो: सहा गाड्या भावाच्या नावावर, सहा तुमच्या, म्हणजे दहापेक्षा कमी माणसं आणि संहितेतून सुटका. जुन्या कायद्यात ही मर्यादा पाचची होती, आता दहाची आहे, हे खरं. पण कलम ९१ मध्ये किती गाड्या, किती माणसं याची अट नाही. परिवहन वाहन चालवायला लावलेला कोणीही माणूस त्यात येतो. शिवाय ऑफिस एक, मुनीम एक, डिझेलचं खातं एक, तर दोन फर्म कागदावरच राहतात.

मुनीमगिरी

आता पैशाचं.

संहितांच्या नव्या व्याख्येत वेतन म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता आणि रिटेनिंग भत्ता (काम नसताना माणूस राखून ठेवायला दिलेला). प्रवास वगैरेचे बाकीचे भत्ते वगळता येतात, पण वगळलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली की वरचा भाग वेतनातच धरतात. "पगार थोडा, भत्ता जास्त" ही पद्धत इथे अडकते.

उदाहरण घ्या. ड्रायव्हरला महिन्याला सगळं मिळून ४१,६०० पडतात. मूळ १७,०००, फेऱ्यांचा भत्ता २४,६००. एकूणाचे निम्मे २०,८००. भत्ता त्याच्या ३,८०० ने वर गेला, ते वेतनात आले, म्हणजे वेतन २०,८००. भागिले २६, दिवसाचे ८००. भागिले ८, तासाचे १००. ओव्हरटाइम दुप्पट, तासाला २००. नुसत्या मूळ पगारावर काढला असता तर तासाला १६३-१६४ आले असते. हा फरक पुढे थकबाकी म्हणून एकदम अंगावर येतो. रजेचा पगारही याच वेतनावर. टोल, डिझेल, पार्किंग, पंक्चर हे पावतीवर दिलेले खर्च यात मिसळू नका, त्यांचं खातं वेगळं. खूप ठिकाणी सगळं "ट्रिप अ‍ॅडव्हान्स" नावाच्या एकाच ओळीत टाकतात आणि मग डिझेलही पगार दिसायला लागतं.

भत्ता फेऱ्यावरून ड्युटीवर आणा. फेऱ्यावर पैसे असले की ड्रायव्हर स्वतःच नियम मोडतो, त्याला दोष देता येत नाही. दर ड्युटीला ठरलेला भत्ता, मुक्कामाची खुराकी वेगळी, आणि "लवकर पोचल्याचं बक्षीस" बंद. बक्षीस द्यायचंच असेल तर डिझेल अ‍ॅव्हरेज, टायर आणि बिनडाग पोच यावर द्या.

ई-वे बिलाची भीती मात्र उगाच आहे. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालाला दर २०० किलोमीटर किंवा त्याच्या भागाला एक दिवस. ६०० किलोमीटरला तीन दिवस. पहिला दिवस बिल बनलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. सोमवारी संध्याकाळी गाडी भरून पार्ट-बी (बिलाचा गाडीच्या माहितीचा भाग) टाकला तर बिल गुरुवारच्या मध्यरात्रीपर्यंत चालतं. वरच्या आखणीत गाडी मंगळवारी निघून गुरुवारी पोचते. बसलं की नाही? अंतर ६०१ भरलं तर चौथा दिवस मिळतो, पण अंतर पिनकोडवरून येतं, त्यात मनमानी चालत नाही. जाममध्ये अडकलात तर मुदत संपायच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास, एवढ्यात मुदत वाढवून घेता येते. आदल्या रात्रीच मोबाइलवर गजर लावून ठेवा. संपून नऊ तास झाले की पोर्टल उघडत नाही आणि माल कागदाविना उभा.

रिलेमध्ये ड्रायव्हर बदलला म्हणून पार्ट-बी बदलायची गरज नाही, त्यात गाडीचा नंबर असतो, ड्रायव्हरचं नाव नाही. ट्रेलरचं घोडंच (ओढणारी पुढची गाडी) बदललं तर नंबर बदलतो, तेव्हा नवा नंबर टाकल्याशिवाय चाक हलवायचं नाही.

स्टिअरिंग_कट्टा

वर सगळे ९ तासांची विश्रांती लिहितात. ९ तास म्हणजे ९ तास झोप नव्हे. अंघोळ, जेवण, घरी फोन, गाडीची फेरी यात अडीच-तीन तास जातात, झोपेला सहा उरतात, तेही ढाब्याच्या अंगणात हॉर्न वाजत नसले तर. म्हणून मुक्कामाची जागा ठरवताना रस्त्याला पाठ करून उभी राहणारी आणि रीफर (थंड डब्याच्या) गाडीच्या शेजारी नसलेली जागा बघा. रीफरचं युनिट रात्रभर घरघरतं.

शरीराची झोपेची ओढ पहाटे २ ते ६ मध्ये सगळ्यात जास्त, दुसरा झटका दुपारी २ ते ४. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाच्या हाता-डोळ्यांची गत रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी होते, हे प्रयोगांनी दाखवलंय. आपल्या कायद्यात दारूची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. जागरणाला फुंकणी लावता येत नाही, एवढाच फरक.

झोप येतेय हे ओळखायची खूण जांभई नाही, ती उशिरा येते. मागचा टोल कधी गेला ते आठवत नाही, गाडी पांढऱ्या पट्टीवर जाऊन परत येते, मान नाही पण पापणी सेकंदभर जड होते. या तिन्हीतलं एक झालं की पुढच्या सुरक्षित जागी गाडी लावायची. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं दहा-पंधरा मिनिटं चालतं. काम करतं ते एवढंच: कडक चहा किंवा कॉफी प्यायची आणि लगेच २० मिनिटं आडवं व्हायचं, गजर लावून. चहाचा असर चढायला अर्धा तास लागतो, तोवर डुलकी होऊन जाते. अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपलात तर उठल्यावर डोकं जड असतं, लगेच स्टिअरिंगवर बसू नका, दहा-पंधरा मिनिटं टायर बघत फिरा. ही डुलकी तात्पुरती आहे, रात्रीच्या झोपेची भरपाई नाही.

सर्दीच्या गोळ्या सांभाळा. सेट्रिझिन आणि त्यापेक्षा जुन्या गोळ्या झोप आणतात, मेडिकलवाल्याला "ड्रायव्हिंग आहे" असं सांगून घ्या. आणि मालकाकडून मोफत वार्षिक आरोग्य तपासणी होईल तेव्हा मोठ्याने घोरणाऱ्या, जाड मानेच्या, दिवसा पेंगणाऱ्या माणसाची झोपेची तपासणी मागा. त्याला ९ काय, १२ तास दिले तरी झोप पुरत नाही, कारण रात्री श्वास अडकून तो सतत जागा होत असतो.

लोहामंडीवाला (इंदूर)

वहीचा नमुना छापायला टाकतोय, दोन लोकल ड्रायव्हरही बघतो. शेवटची एक शंका: बिजासनला गाडी उलटून रस्ता बंद, चार तास जाम. आठ तास तिथेच संपले तर ड्रायव्हरने घाटात गाडी सोडून झोपायचं?

पलासिया_लेबर

नाही. बिघाड, रस्ता बंद, नैसर्गिक आपत्ती यात आठ तास ओलांडायची सवलत १९६१ च्या कायद्यातच आहे. पण ती जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत पोचण्यापुरती वापरा, धुळ्यापर्यंत रेटायला नाही. पळासनेर किंवा शिरपूरला लावा. वहीत तीन गोष्टी: कुठे अडकलो, किती वाजता थांबलो, किती वाजता सुटलो, आणि जामचा एक फोटो. वरचे तास ओव्हरटाइमच्या रकान्यात. आणि दुसऱ्या दिवशीची ड्युटी ठरल्या वेळेला सुरू होत नाही, गाडी जिथे थांबली तिथून ९ तास मोजून सुरू होते. ऑफिसला हे त्याच रात्री कळवायचं, म्हणजे मुनीम ई-वे बिलाकडे आणि फॉर्म १३ कडे बघेल.

पीथमपूर_डिस्पॅच

जाममध्ये उभे असताना इंजिन बंद-चालू, दहा फूट पुढे, हे "मो" लिहू नका बरं का. ते "चा"च आहे. जीपीएसवर चार तासांत सहाशे मीटर दिसतात, आणि वहीत मोकळा लिहिलं की पुढची सगळी पानं संशयात जातात.